उतारालाच पेटणारी लाइट

कळंबोलीच्या स्टील मार्केटात गाड्यांचं काम करणाऱ्या कुणालाही डिझेलच्या प्रेशरचं विचारा, तो कमी प्रेशरबद्दलच बोलेल. फिल्टर चोक झालाय, टाकीत कचरा आहे, लाइनने हवा धरलीय, पंप झिजलाय, इंजेक्टर रिटर्न मारतोय. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची चूल याच दुखण्यांवर पेटते. प्रेशर जास्त झालं म्हणून गाडी आली की मात्र चेहरे पडतात. हे दुखणं क्वचित येतं, हाताला त्याची सवय नसते. मग गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा जो कोड देतो त्यात ज्याचं नाव दिसेल तो पार्ट बदला, नाही गेला कोड तर शेजारचा बदला, असं सुरू होतं.

अशीच पार्ट बदलून बदलून आलेली एक गाडी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दारात उभी राहिली. बीएस-६ ट्रेलर, सहा सिलिंडर, कॉमन रेल, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड पाइपातून, रेलमधून, मोठ्या प्रेशरने डिझेल मिळतं तो प्रकार. इथून स्टीलची कॉइल भरून चाकणला जायची आणि तिकडून मिळेल ते भाडं घेऊन परत यायची. मालक उरणचे. पोर्टसाठी जमिनी गेल्यावर ज्यांनी पोर्टच्याच भरवशावर गाड्या घेतल्या, त्या पिढीतले. रेल प्रेशरचा सेन्सर नवा टाकून झाला होता, पंपाला डिझेल मोजून देणारं मीटरिंग युनिट नवं टाकून झालं होतं, आणि आता शेवटच्या गॅरेजवाल्याने हाय प्रेशर पंप उतरवायला सांगितला होता. पंपाची किंमत ऐकून शेठ म्हणाले, "मिस्त्री, एकदा तुम्ही बघा. मग उतरवायचा तर उतरवू."

ड्रायव्हर पाटोद्याचा, तरणा पोरगा, गाडी पुसून ठेवणारा. त्याला म्हटलं, तू सांग काय होतं ते.

"चढाला काय म्हणत नाही बघा. खंडाळा मस्त चढती. उतरताना पाय काढला की लाइट पेटती, अन् मग दमच धरीना. बंद करून चालू केली की परत नीट. सकाळी थंड असताना तर काहीच नाही."

हे मी जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. आधीच्या कुणी त्याला एवढं बोलू दिलं नव्हतं. लॅपटॉप लावला, कोड दिसला, पार्ट मागवला. लॅपटॉपवर माझा राग नाही. जुन्या मेकॅनिकल इनलाइन पंपाच्या काळात मी शिकलो आणि तेव्हाचे किती मिस्त्री कॉमन रेलला घाबरून धंदा सोडून बसले ते मी पाहिलंय. पण लॅपटॉपला खंडाळा माहीत नसतो, ड्रायव्हरला असतो. चढाला ठीक, उताराला बिघाड, आणि तोही गरम झाल्यावरच. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर पंप उतरवायची घाई कुणी करणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी कोड. आला होता एसपीएन १५७, एफएमआय ०. छोट्या गाड्यांत हीच तक्रार पी-००८८ म्हणून येते. जड गाड्यांत कोडचे दोन तुकडे असतात. एसपीएन सांगतो तक्रार कशाची, एफएमआय सांगतो तक्रार काय. १५७ म्हणजे रेलचं प्रेशर. त्याच्यापुढे ३ किंवा ४ असता तर भानगड व्होल्टेजची, म्हणजे वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा सेन्सर गेला. १६ असता तर प्रेशर मर्यादेच्या बरंच वर. आणि ० म्हणजे पार डोक्यावर, इंजिनाला धोका. ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणणं एवढंच, की सिग्नल मला पटण्यासारखा येतोय आणि तो प्रेशर फार चढल्याचं सांगतोय. पहिल्या गॅरेजने सेन्सर बदलला तो बहुधा हा दुसरा आकडा न बघताच.

अर्थात सेन्सर पटेल असं खोटंही बोलू शकतो, म्हणून त्याला एकदा तपासायचा. ही तपासणी फुकटात होते. गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी स्टार्टर न मारता नुसती चावी ऑन करायची आणि रेल प्रेशर वाचायचं. रेल रिकामी झालेली असते, तेव्हा आकडा शून्याच्या आसपासच हवा. तिथे १००-१५० बार दिसले तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटी. सेन्सरला वायरी तीन, ५ व्होल्ट सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. शून्य प्रेशरला सिग्नलवर साधारण ०.५ व्होल्ट आणि पूर्ण प्रेशरला ४.५ च्या आसपास. ग्राउंडच्या पिनेला गंज धरला की सिग्नल वर सरकतो आणि बिचारं इंजिन नसलेल्या प्रेशरला घाबरतं. तळोज्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हिरव्या पडलेल्या पिना मी इतक्या पाहिल्यात की कनेक्टर काढल्याशिवाय माझं समाधान होत नाही. इथे पिना स्वच्छ होत्या, आकडा शून्याला चिकटलेला होता. सेन्सर खरं बोलत होता. म्हणजे प्रेशर खरोखरच चढत होतं.

आता ते कसं चढतं हे समजायला डिझेलचा रस्ता डोळ्यासमोर हवा. टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो, फिल्टरमधून गेलेलं डिझेल मीटरिंग युनिटपाशी येतं. मीटरिंग युनिट म्हणजे एक इलेक्ट्रिक व्हॉल्व. हाय प्रेशर पंपाच्या पोटात किती डिझेल जाऊ द्यायचं, हे तो ठरवतो. पंप स्वतः काही ठरवत नाही, जेवढं आत आलं तेवढं दाबून रेलमध्ये ढकलतो. आयडलला ४००-५०० बार, लोडवर १६००-१८०० बार, असं काहीसं चालतं. फीड पंपाने आणलेलं जे डिझेल आत घेतलं नाही, ते ओव्हरफ्लो व्हॉल्वमधून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत. इंजेक्टरची गळतीही रिटर्नला. आणि रेलवर एक लिमिटर व्हॉल्व बसवलेला असतो, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्वसारखा. प्रेशर हाताबाहेर गेलं की तो उघडतो आणि डिझेल तेही रिटर्नलाच सोडतो. लिमिटर उघडला की इंजिन जेमतेम प्रेशरवर चालतं, पॉवर कापली जाते. "दमच धरीना" ते याचमुळे.

मीटरिंग युनिटबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण आमच्याकडे रोज कुणीतरी हा उद्योग करतं. बऱ्याच पंपांत हे युनिट करंट नसताना पूर्ण उघडं असतं. ईसीएम करंट वाढवतो तसं ते बंद होत जातं. त्यामुळे चालू इंजिनावर त्याचा कनेक्टर काढून "बघू काय होतं" केलंत तर पंपाला पूर्ण डिझेल मिळतं, प्रेशर थेट वर जातं आणि लिमिटर फटकन उघडतो. उलट्या प्रकारचीही युनिटं असतात, म्हणून मॅन्युअल उघडा, पण प्लग काढून खेळ करू नका. कनेक्टर ढिला असेल, खड्ड्यात हादरून क्षणभर संपर्क तुटत असेल, तरी हाच कोड येतो. चेक करायचंच तर इंजिन बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. दोन-तीन ओहमच्या घरात येतो, तो मॅन्युअलशी ताडायचा. मग चालू इंजिनावर वायरिंग हातात धरून हलवायची आणि आकडा नाचतो का बघायचं. या गाडीत काही नाचलं नाही. नव्याकोऱ्या युनिटचा प्लंजर, म्हणजे आतला सरकणारा दांडा, अडकला असेल ही शंका मी ठेवली होती, पण थंड गाडीवर प्रेशर इतकं गुळगुळीत वर-खाली होत होतं की ती शंका फार टिकली नाही.

शेडमध्ये गाडी काहीच दाखवेना. दाखवणार कशी, थंड होती आणि उतार नव्हता. माल भरलेला होता, चाकणला जायचंच होतं. मी लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये बसलो आणि लोणावळ्यापर्यंत जाऊन परत फिरायचं ठरवलं. एक्स्प्रेसवे आमच्या दारातूनच सुरू होतो, त्याचा हा एक फायदा. बाकी त्याने आम्हाला धूळच दिली.

स्क्रीनवर चार रेषा लावल्या. ईसीएमला हवं असलेलं प्रेशर, प्रत्यक्ष प्रेशर, मीटरिंग युनिटचा करंट आणि आरपीएम. खोपोलीपर्यंत पहिल्या दोन रेषा एकमेकींवर बसलेल्या. बोरघाट चढताना इंजिन पूर्ण लोडवर, तरी रेषा सरळ. चढावर पंप कमी पडत नाही हे कळलं. लोणावळ्याला वळून खाली निघालो. डिझेल तोवर चांगलं तापलेलं. ड्रायव्हरने गिअर धरून पाय काढला, आरपीएम चढलेलेच, आणि हवं असलेल्या प्रेशरची रेषा धाडकन खाली आली. प्रत्यक्षाची रेषा वरच लोंबकळत राहिली. करंट लगेच वाढला, म्हणजे ईसीएमने युनिटला बंद व्हायला सांगितलं. तरी प्रेशर उतरेना. उलट हळूहळू चढत गेलं, आणि खाली खोपोली दिसत असताना लाइट पेटली.

"बघा, म्हणलं होतं ना," ड्रायव्हर म्हणाला. त्याला आनंद झाला होता.

आता विचार करा. पाय काढल्यावर इंजेक्टर बंद, एक थेंबही जळत नाही. गाडीच इंजिनाला ढकलतेय, त्यामुळे पंप जोरात फिरतोय. फीड पंप डिझेल आणतोच आहे, मीटरिंग युनिट ते घेत नाही. मग ते सगळं जाणार कुठे? रिटर्नला. चढावर इंजिन बरंचसं डिझेल खाऊन टाकतं, रिटर्नला उरतं ते थोडं. रिटर्न लाइनवर सगळ्यात जास्त ओझं कधी पडतं, तर उतारावर, पाय काढल्यावर. तिथे वाट अडली असेल तर डिझेल मागे दाबतं. बंद मीटरिंग युनिटमधूनही थोडं डिझेल पाझरतंच. एरवी ते पाझरलेलं परत रिटर्नला सोडायची सोय पंपात असते. पण रिटर्नमध्येच दाब भरला तर ते पंपाच्या पोटात शिरतं आणि पंप त्याचं काम चोख करतो, रेलमध्ये ढकलतो. सेन्सर चांगला, युनिट चांगलं, पंप चांगला, आणि प्रेशर तरी वर.

फीडच्या बाजूला हवा असली तरी प्रेशर उड्या मारतं, हेही खरं. बुडबुडा आला की प्रेशर पडतं, ईसीएम युनिट उघडतो, बुडबुडा सरला की डिझेलचा लोंढा येतो आणि प्रेशर मर्यादा ओलांडतं. पण त्यात रेषा वर-खाली करवतीसारखी दिसते. इथे तसं नव्हतं. तरी शेडमध्ये आल्यावर फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी लावून बघितलंच. डिझेल काचेसारखं, बुडबुडा नाही.

इंजिन गरम असतानाच पुढचं काम केलं. पंपाच्या रिटर्नला तीन तोंडांचा टी जॉइंट लावून लो प्रेशरचा गेज बसवला. मॅन्युअलमध्ये या जागेची मर्यादा १ बारच्या बरीच खाली दिलेली होती. आयडलला काटा जेमतेम हलला. आरपीएम वाढवून पाय सोडायला लावला तर काटा २ बारच्या पुढे. मग रिटर्नचा पाईप टाकीच्या आधीच्या जॉइंटला सोडवला, साधी नळी जोडून डिझेल कॅनमध्ये घेतलं. तोच आरपीएम, तसाच पाय सोडला, आणि लॅपटॉपवर दोन्ही रेषा जोडीने खाली आल्या. पाईप परत लावला, रेषा परत लोंबकळली. ही कॅनची तपासणी अर्ध्या तासाची आणि बिनखर्चाची आहे. रिटर्नची लाइन कमी दाबाची असते म्हणून ती अशी सोडवता येते. हाय प्रेशरच्या पाइपाचा नट चालू इंजिनावर कधीही ढिला करायचा नाही. जुन्या इनलाइन पंपावर सिलिंडर तपासायला आम्ही सर्रास नट ढिले करायचो, ती सवय इथे हात घालवेल. १५०० बारने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते, वरून टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत मांस सडतं. असं झालं तर मलम लावत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. इंजिन बंद केल्यावरही रेलचा आकडा शून्यावर येईपर्यंत थांबायचं.

अडथळा कॅन आणि टाकी यांच्यामध्ये होता, म्हणजे हातभर जागेत. टाकीच्या तोंडाशी रबरी नळीचा एक तुकडा होता, दोन क्लॅम्प लावलेला, बाहेरून अगदी धडधाकट. कापला तर आतलं भोक पेन्सिल जाणार नाही एवढं. रबर फुगून आतून मऊ झालेलं.

ड्रायव्हरला विचारलं, टाकीला कधी हात लागला होता का?

"होळीला चाकणला मागून एका गाडीनं ठोकलं होतं. टाकी चेपली. तिथंच एकानं उतरवून, ठोकून बसवली. पण त्याच्यानंतर कितीतरी दिवस गाडी चांगली चालली की."

म्हणूनच तर कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. बसवणाऱ्याने हाताला आली ती नळी लावली होती, कूलंटची. कूलंटच्या नळ्या बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात. गरम पाण्यात त्या वर्षानुवर्षं टिकतात आणि डिझेलमध्ये फुगतात. डिझेलला नायट्राइल रबराची नळी लागते. फुगायला काही आठवडे गेले, रोज थोडं थोडं. वर कॉमन रेलचं रिटर्न डिझेल गरम, त्यात रबर आणखी ढिलं पडतं. थंड असताना गाडी नीट का आणि गरम झाल्यावर बिघडलेली का, त्याचं हे उत्तर. दुकानात दोन्ही नळ्या काळ्या, शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. नळीवर छापलेलं वाचायचं, छापलेलं नसेल तर डिझेलला लावायची नाही.

नळीची किंमत सांगितली तर शेठना आधीच्या बिलांचा जास्त त्रास झाला असता, म्हणून मी ती बिलात वेगळी दाखवली नाही.

पण काम तिथे संपलं नव्हतं. लिमिटर या काळात कितीतरी वेळा उघडला होता, आणि बरेचदा उघडलेला लिमिटर नीट बसत नाही. त्याची रिटर्न नळी सोडवून इंजिन आयडलला ठेवलं. कोरडी राहायला हवी होती, तिथे थेंब पडत होते. आता गळत असला तर पुढे हीच गाडी प्रेशर कमीचा कोड घेऊन परत आली असती, आणि मग दोष माझ्या कामाला लागला असता. शेठना ते थेंब दाखवले. त्यांनी थोडी कुरकुर केली, मग म्हणाले, टाका. नवा लिमिटर दिलेल्या टॉर्कने कसला, सील नवी घातली, कोड पुसला आणि मुद्दाम रात्री उशिरा, डिझेल गरम करून, परत एकदा उतारावर, या खेपेला मुंब्रा बायपासच्या, गाडी आणली. प्रत्यक्षाची रेषा हव्या असलेल्या रेषेच्या मागोमाग खाली आली.

सकाळी गाडी घ्यायला आलेल्या शेठनी केबिनमधून एक खोका काढला. त्यात आधी बदललेला जुना सेन्सर आणि जुनं मीटरिंग युनिट होतं. दोन्ही मीटरवर लावून बघितले. सेन्सर शून्याला ०.५ दाखवत होता, युनिटचा रेझिस्टन्स बरोबर होता. प्लंजर हाताने सहज सरकत होता.

"मग हे परत बसवा," शेठ म्हणाले, "आणि नवे दुकानात परत देतो."

त्यांना समजावून सांगितलं की वापरलेला इलेक्ट्रिकल पार्ट कुणीही परत घेत नाही. जुने दोन्ही स्वच्छ करून, कनेक्टरवर टेप लावून, खोका परत केबिनमध्ये ठेवला. चांगल्या गाडीत स्पेअर असलेला बरा. शेठ मात्र अजूनही फोन केला की विचारतात, एखादा ओळखीचा दुकानदार आहे का.